ओवीची प्रत ठरेना

नळ खोकला.

पाणी यायच्या आधी आमचा नळ असाच खोकतो, एखाद्या वडीलधाऱ्याने दारात आल्याची वर्दी द्यावी तसा. दुपारची वेळ होती. अनीश नुकताच मांडीवरून पाळण्यात गेला होता, सासूबाई सोप्यात भिंतीला टेकून डुलत होत्या, आणि घर इतकं गप्प होतं की मला माझ्याच बांगड्यांची भीती वाटत होती. अनीशने डोळे उघडले, नळाच्या दिशेला पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि नळाला माफ केल्यासारखे पुन्हा मिटले.

मी श्वास सोडते न सोडते तोच ओवी आत आली. शाळा सुटायला अजून अवकाश होता. दप्तर पोटाशी धरलेलं, आणि केसांत बेदाणे.

"हे काय गं?"

"मी क्रेटमध्ये पडले," ती म्हणाली. "उरलेल्या मालात."

ओवी माझी थोरली. सात वर्षांची, दुसरीत. तिचे बाबा फौजेत आहेत, सध्या राजस्थानात; त्यामुळे तासगावातल्या आमच्या घरात मी, दोन पोरं आणि सासूबाई. मी तिच्या केसांतून बेदाणे वेचले आणि हळूहळू सगळी हकीकत बाहेर आली.

ओवीच्या शाळेचे चेअरमन म्हणजे गुंडाअण्णा. बेदाण्याचे मोठे व्यापारी, माणूस मनाने चांगला. दिवाळीला सगळ्या शाळेला बेदाण्याची पुडी देतात आणि प्रत्येक पोराला विचारतात, गोड हाय का? हे अण्णा मे महिन्यात पुण्याला कसल्याशा शिबिराला गेले. तिथे त्यांना कोणीतरी सांगितलं की सगळी मुलं एकाच रीतीने शिकत नसतात. कोणी बघून शिकतं, कोणी ऐकून, कोणी हाताने करून. अण्णांना म्हणे तिथेच भरून आलं. जन्मभर बेदाण्याची प्रतवारी केलेला माणूस. लांबडा वेगळा, गोल वेगळा, हिरवा वेगळा, पिवळा वेगळा; एका पेटीत दोन प्रती गेल्या तर गिऱ्हाईक दारात उभं करत नाही. आणि आपण इतकी वर्षं एका वर्गात तीन-तीन प्रती कोंबून बसवल्या!

शाळा सुरू होऊन पंधरवडा झाला नाही तोवर अण्णांनी पोरांची प्रतवारी काढली. ती शाळेत होणं शक्यच नव्हतं. त्यांच्या शेडवर झाली.

शेडवर बेदाणा निवडायचा लांब पट्टा आहे. पट्टा सरकत राहतो, दोन्ही बाजूंना बायका बसतात, काड्या आणि डागाळलेले दाणे उचलून टाकतात, आणि कोणीच न उचललेलं जे काही राहतं ते शेवटी क्रेटमध्ये जाऊन पडतं. त्या पट्ट्यावर आता पोरं बसवली. डाव्या अंगाला चारुलताबाई रंगीत चित्रं धरून उभ्या. उजव्या अंगाला हरी सर पाढे गात उभे. मध्ये जयराज सर ओल्या मातीचा गोळा पुढे करायला. पोर डावीकडे वळलं की डोळा, उजवीकडे वळलं की कान, मातीला हात घातला की हात. शेडवरची मुकादमीण सुलाबाई पोराला पट्ट्यावरून उचलायची, दंडाला रंगीत फीत बांधायची आणि ओरडायची, "कान! पुढचा!"

एक पोरगं पट्ट्याच्या हेलकाव्याने गाढ झोपलं. अण्णांनी क्षणभर विचार केला. डोळे मिटलेले, हात लोंबते, उघडे काय ते कानच. त्यालाही कानाची फीत बांधली. दुसऱ्याने माती खाल्ली. अण्णा म्हणाले, तोंडाचा वर्ग काढायला पाहिजे, पण मास्तर मिळायचा नाही. त्याला तूर्त हातात घातलं.

आमची ओवी पट्ट्यावर उलटी बसली.

"उलटी का गं बसलीस?"

"पट्टा कुठून येतो ते बघत होते." ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "चित्रं आली, मग गाणं आलं, मग माती आली. मी अण्णांकडे बघत होते. त्यांच्या सदऱ्याचं बटण एक घर चुकलं होतं. मी सांगितलं त्यांना. ते बटण लावायला थांबले, आणि मी क्रेटमध्ये पडले."

तिच्या दंडावर फीत नव्हती.

मला हसू आलं आणि ते मी गिळलं, कारण तिचा खालचा ओठ थरथरत होता. तिला जवळ घेतलं. तिच्या केसांना गंधकाच्या धुरीचा नि गोड असा शेडचा वास येत होता, आणि मला वाटलं, कोणत्याही पेटीत न बसणारं हे लेकरू आहे तरी केवढंसं.

संध्याकाळी अण्णा स्वतः घरी आले. चप्पल बाहेर काढली, सासूबाईंना वाकून नमस्कार केला.

"वैनी, मालाला दोष न्हाई," ते मला म्हणाले. "माल येक नंबर हाय. पण प्रतच ठरंना. आता म्या तरी काय करू? शनवारी सौदा हाय."

"कसला सौदा?"

"पोरांचा! म्हंजी मास्तरांनी पोरं घ्यायची. जो कमी म्हयन्यात शिकवीन म्हनंल त्याचं पोर. अगदी बाजारावानी, टावेलाखाली बोटं दाबून. कुणाला कुनाचा भाव कळाय नगो. पन बिगर प्रतीच्या पोरावर कोन बोट ठेवनार? आन मास्तरच न्हाई म्हनल्यावर वर्गात बसवू कुटं तिला?"

"पडवीत बसवा," सासूबाई म्हणाल्या. "बसंल गप."

"न्हाई वो राहीकाकू. पडवीत बसलेलं पोर बगून इन्स्पेक्टर काय म्हनंल? शनवारपतूर काय प्रत निघती का बगा. न्हाई निघाली तर दुसरीकडं सोय बगा. मला बी वाईट वाटतंय." आणि त्यांना खरंच वाईट वाटत होतं. जाताना त्यांनी ओवीच्या हातावर बेदाण्याची पुडी ठेवली आणि विचारलं, "गोड हाय का?"

दुसरीकडे सोय म्हणजे काय, ते त्याच रात्री फोनवर ठरलं. राजवर्धन, म्हणजे ओवीचे बाबा, म्हणाले, "वाईला पाठव की. सौमित्र आहेच. तिथल्या शाळेत घालेल. एक वर्षाचा प्रश्न, मी बदली मागतो मग बघू." सौमित्र माझा भाऊ. वाईत माझं माहेर. घाटाजवळचं घर, माझी आई, चार पावलांवर शाळा, सगळं चांगलं. वाईट एवढंच की मला अनीशला आणि सासूबाईंना सोडून तिकडे राहता येणार नव्हतं. म्हणजे ओवी तिकडे आणि मी इकडे.

"फौजेत कसं शिकवतात हो?" मी विचारलं. "डोळ्याने की कानाने?"

"पळवतात," ते म्हणाले. "सगळ्यांना सारखंच पळवतात."

शनिवारपर्यंत मी घराची शाळा केली. अनीश झोपला की मी ओवीची प्रत शोधायला बसायची. आधी डोळा. स्वयंपाकघराच्या भिंतीवर सातचा पाढा मोठ्या लाल अक्षरांत लिहून लावला. ओवीने तो पाहिला, छान आहे म्हणाली आणि त्यावर मिशा काढल्या. मग कान. मोबाइलमध्ये माझ्याच आवाजात पाढा भरला आणि भांडी घासताना लावून ठेवला. अनीश त्या आवाजाने शांत झोपायला लागला, ओवीला मात्र तो ऐकूच येईना. मग हात. सात-सात शेंगदाण्यांच्या ओळी लावायला बसवली. ओळी लागल्या आणि नाहीशा झाल्या.

"मी त्या वजा केल्या," ती म्हणाली.

मधूनच मला तिच्यावर राग यायचा, मग स्वतःवर, मग राग ठेवायला जागाच उरायची नाही. तिच्या बरोबरीची वल्लरी कानाची फीत बांधून फाटकाशी यायची आणि विचारायची, "काकू, ओवी अजून उरलेलीच आहे का?"

गुरुवारी संध्याकाळी मी तिचं कपाट आवरायला घेतलं. आवरत नव्हते, बॅग भरत होते, आणि तिच्यासमोर आवरते आहे असं दाखवत होते. पण तिला कळलंच.

"मी वाईला जाणार?"

"मजा येईल तुला," मी फ्रॉकच्या घड्या घालत म्हटलं. "घाटावर खेळायला मिळेल. आजी रोज पोळीचा लाडू करेल. सौमित्रमामाची गाडी आहे."

"तू?"

"मी येईन ना भेटायला. आणि मला काही वाटणार नाही, तू माझी काळजी करू नकोस. तिकडे राहिलेलंच बरं तुला."

ती सोप्यात गेली. तिथे सासूबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी दोन-तीन दिवस माझ्या मोबाइलमधला पाढा ऐकला होता, तो त्यांच्या तोंडात बसला होता, पण आपल्या पद्धतीने बसला होता. सूप हलवत त्या म्हणत होत्या, "सात येकं सात, सात दुनी चौदा, सात तरीक बावीस..."

"एकवीस," ओवी म्हणाली.

"बावीस."

"आजी, एकवीस!"

"मला शिकवती व्हय गं? आमच्या येळंला बावीसच व्हतं."

"असं कसं असेल? तेव्हासुद्धा एकवीसच असणार!"

"तवाची मापं मोठी व्हती," सासूबाई म्हणाल्या आणि पुढे गेल्या. "सात चोक तीस."

मी फ्रॉक हातात घेऊन दारात उभी राहिले. ओवी स्वयंपाकघरात धावली, शेंगदाण्याचा डबाच घेऊन आली, सुपातले तांदूळ एका बाजूला सारून तिने सात-सातच्या ओळी लावल्या. एकही दाणा खाल्ला नाही. "हे बघ. मोज. मोज आजी!" सासूबाईंनी मोजलं आणि मधला एक दोनदा मोजला. ओवीने त्यांचं बोट धरून पुन्हा मोजायला लावलं. मग भिंतीवरचा पाढा दाखवायला त्यांना हाताला धरून उठवलं. मग मोबाइल आणून कानाशी लावला. डोळा, कान, हात, सगळी दुकानं एकदम उघडली होती. "सात पाचा?" "छत्तीस." "पस्तीस गं आजी, पस्तीस! सात सक बेचाळीस, सात साते एकोणपन्नास, सात आठे छप्पन्न, सात नव्वे त्रेसष्ट, सात दाहे सत्तर!" तिचा चेहरा लालबुंद झाला होता.

"सत्तर?" सासूबाई तांदळाकडे वळल्या. "बरं बाई. तुज्या येळंला आसंल सत्तर."

सगळा पाढा झाला होता. तिला कळलंही नव्हतं. ती इतकी चिडली होती की पाढा पाठ झाल्याचं तिच्या लक्षातच आलं नाही.

शुक्रवारी सकाळी मी अनीशला कडेवर घेऊन अण्णांच्या दुकानी गेले.

"अण्णा, प्रत सापडली. ओवी चुकीवर शिकते."

"आँ?"

"म्हणजे समोरचा चुकला की. दुसऱ्याची चूक दिसली की तिला राहवत नाही, ती बरोबर काय ते शोधून काढते."

अण्णांनी बराच वेळ बेदाणा चावला. "म्हंजी चौथी प्रत हाय म्हना की. डोळा, कान, हात न चूक." त्यांना ती पसंत पडली होती, हे दिसत होतं. व्यापाऱ्याला नवी प्रत सापडली की जसा आनंद होतो तसाच. "मग सोप्पं हाय! चुकनारा मास्तर दिऊ."

पण ते सोपं नव्हतं. त्यांनी तिन्ही शिक्षकांना दुकानावरच बोलावून घेतलं आणि विचारलं, तुमच्यापैकी कोन चुकतं?

हरी सर कानाच्या पाळीपर्यंत लाल झाले. जयराज सरांनी छाती पुढे काढून सांगितलं की ते खेळाचे शिक्षक आहेत आणि शिट्टी चुकीची वाजत नसते. चारुलताबाई तर उभ्याच राहिल्या. "अण्णा, माझ्या हातून फळ्यावर आजवर एक काना इकडचा तिकडे झालेला नाही."

"आवं बाई, थोडं शिका की मग. लेकरासाठनं."

बाईंचा स्वभाव कडक पण पोरांवर जीव. त्या माझ्याकडे वळल्या, म्हणाल्या, "प्रयत्न करते." शाळा सुटल्यावर त्यांनी ओवीला समोर बसवलं. मी पाळणाघरातल्या बाईसारखी अनीशला थोपटत मागच्या बाकावर. बाईंनी डोळे मिटले, खडू घट्ट धरला, आणि म्हणाल्या, "आठ त्रिक... आठ त्रिक... चोवीस." आणि कपाळावर हात मारला. पुन्हा. "आठ त्रिक पं... पं..." त्यांच्या गळ्याच्या शिरा ताणल्या. "चोवीस! नाही हो होत. तोंडच वळत नाही."

घरी जाऊन त्यांनी सराव केला असावा, कारण थोड्या वेळाने फोन करून त्यांनी विजयी आवाजात ओवीला सांगितलं, "आठ त्रिक पंचवीस!"

ओवीने फोन माझ्याकडे दिला. "आई, बाई मुद्दाम चुकतायत. मुद्दाम चुकलेलं मला कळतं. त्याचं काय सांगायचं त्यांना? त्यांना माहितीच आहे."

तेव्हा मला कळलं की ही प्रत वाटली त्याहून दुर्मिळ आहे. खरं चुकणारा माणूस पाहिजे. मीही करून पाहिलं. रात्री जेवताना म्हटलं की मुंगीला चार पाय असतात. ओवी माझ्याकडे नुसती बघत राहिली. लाजून मी आमटी वाढली, तर आमटीत मीठच नव्हतं, आणि ते मात्र तिने मला समजावून सांगितलं: किती पाण्याला किती मीठ, चवीला आधी का बघायचं, वरून घातलं तर कसं ढवळायचं. वाटीभर मीठशास्त्र. सासूबाई शाळेत येऊन बसल्या असत्या, पण त्यांचं म्हणणं पडलं की त्यांनी आयुष्यात एकही चूक केलेली नाही.

शनिवारी सौदा झाला. शाळेच्या पटांगणात मांडव, जाजम, पालक बसलेले. समोर तीन खुर्च्यांवर तीन शिक्षक, आणि मध्ये अण्णा, खांद्यावर पांढराशुभ्र टॉवेल. आमची बॅग मी घरून बरोबरच आणली होती. वाईला जायचं तर दुपारची साताऱ्याची एसटी धरायची होती. बॅग पायाशी, अनीश मांडीत, आणि मी ओवीचा हात इतका घट्ट धरला होता की ती म्हणाली, "आई, बोटं."

एकेक पोर पुढे यायचं. अण्णा त्याला दोन्ही काखांत धरून जरा उचलून बघायचे, हे कशासाठी ते कोणी विचारलं नाही, आणि मग टॉवेलाखाली हात घालायचे. शिक्षकांनी आपले हात घालून बोटं दाबायची, जितकी बोटं तितके महिने. चारुलताबाईंनी परक्या पुरुषाच्या हाताला हात लावायला साफ नकार दिला होता, म्हणून त्या फूटपट्टी घालायच्या. पट्टी किती आत गेली त्यावरून अण्णांनी समजायचं. एकदा हरी सरांनी चुकून पट्टीच दाबली आणि बराच वेळ तिच्याशी घासाघीस केली. पालक मात्र गंभीरपणे मान डोलवत होते. शेजारचे एक आजोबा म्हणाले, "भाव बरा निगतोय यंदा."

सगळी पोरं गेली. ओवी उरली.

"ही आमची चौथी प्रत," अण्णा म्हणाले. "चूक. लय ब्येस पोरगी हाय. कोन बोट ठेवतंय?"

टॉवेल पसरलेला. त्याखाली फक्त अण्णांचा एक हात. हरी सर चपलेकडे बघत होते. बाईंनी पट्टी उचलली, परत ठेवली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"येक वार," अण्णा म्हणाले.

ओवी पुढे एकटीच उभी होती. तिच्या वेणीची रिबीन सुटत आली होती, आणि मला तिथे जाऊन ती बांधावी असं इतकं वाटलं की मी अर्धी उठले.

"दोन वार." अण्णांनाही ते जड जात होतं. तिसरा वार लांबवायला ते घसा खाकरून म्हणाले, "हे बगा मंडळी. तीन वार म्हनायच्या आदी हिशेब सांगतो. डोळ्यात चाळीस पोरं ग्येली, कानात तीस, हातात पंचवीस. म्हंजी शंभर पोरांना जागा गावली. येवड्या मोठ्या सौद्यात येकादं..."

मांडवात सगळ्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. प्रत्येकाने मनात बेरीज केली होती. पण चेअरमनना कोण सांगणार? जयराज सरांनी आभाळात पक्षी बघायला सुरुवात केली.

"पंच्याण्णव," ओवी म्हणाली.

"आँ?"

"चाळीस आणि तीस आणि पंचवीस. पंच्याण्णव होतात."

अण्णांनी बोटं मोजली. टॉवेलाखालचीसुद्धा मोजली असावीत. "चाळीस न तीस ऐंशी..."

"सत्तर!"

"सत्तर? बरं सत्तर. न पंचवीस... नव्वद."

"सत्तर आणि वीस नव्वद. आणि वरचे पाच कुठे गेले?" ती दोन पावलं पुढे आली. तिचा चेहरा लाल व्हायला लागला होता. तो लाल रंग मी ओळखला. मी खाली बसले.

"पाच ऱ्हायले व्हय," अण्णा गोंधळून म्हणाले. "हे पाच मागनं धरायचे आसत्यात ना?"

"मागून नाही, त्यातच!" आणि तिने तिथेच जाजमावर बसून खडे गोळा केले, दहा-दहाचे ढीग केले, अण्णांना गुडघ्यावर बसवलं आणि मोजून घेतलं. सत्तर कसे, पंच्याण्णव कसे, शंभराला किती कमी. हे सगळं करताना ती स्वतः हातचा घ्यायला शिकली. दुसरीत तो अजून शिकवलेला नव्हता. मांडवातून हळूहळू कुजबुज उठली.

"आसू दे, आसू दे," अण्णा घाम पुसत उठले. "शेवटाला वाईलाच जायचंय तिला. तितं लय चांगलं हाय. आपली कृष्णा हितनं वाईलाच जाती की."

"उलटं!" ओवी जवळजवळ ओरडली. "वाईहून इकडे येते! आईने सांगितलंय. आधी वाई, मग कराड, मग सांगली. पाणी तिकडून इकडे येतं, इकडून तिकडे नाही!"

चारुलताबाई उभ्या राहिल्या. फूटपट्टी हातात. "अण्णा, हिला शिकवण्याची पात्रता आम्हा तिघांत कोणाचीच नाही."

"मग कुनाची हाय?"

सगळा मांडव उत्तराकडे बघत होता आणि उत्तर गुडघ्याची धूळ झटकत उभं होतं.

"तुमची," ओवी म्हणाली. आणि मग, अगदी मायेने, "तुम्ही मुद्दाम नाही चुकत."

मला वाटलं, संपलं. आता बॅग उचलायची. अण्णांचा चेहरा आधी काळवंडला, मग पिवळा पडला. बेदाण्याचे सगळे रंग त्यावरून जाऊन आले. मग त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती पहिल्या रांगेत बसली होती. तिने कपाळावरचा पदर पुढे ओढला आणि मोठ्याने म्हणाली, "खरं हाय की. मुद्दाम कवा चुकलाय तुमी?"

"व्हय," अण्णा म्हणाले. सावकाश, जसा माणूस आपल्या अंगातला एखादा गुण पहिल्यांदा बघतो तसा. "म्या लय चुकतो. रोजच्याला चुकतो. आजवर कुनी सांगितलंच न्हाई." आणि त्यांची छाती फुगली.

पण सौद्याशिवाय पोर द्यायचं म्हणजे बेकायदेशीर. अण्णा या बाबतीत पक्के. त्यांनी टॉवेल नीट पसरला, उजवा हात शाळेचा म्हणून खाली घातला आणि डावा हात मास्तरचा म्हणून घातला. टॉवेल हलायला लागला. बराच वेळ हलत राहिला. उजव्याला डाव्याचा भाव पटत नव्हता. अण्णांच्या भुवया वर-खाली होत होत्या, एकदा डावा हात रागाने बाहेरच आला, त्यांनीच त्याची समजूत घालून परत आत घातला. लोक माना उंचावून बघत होते. अनीशसुद्धा बोट तोंडात घालून बघत होता. शेवटी अण्णांनी टॉवेल झटकला आणि खांद्यावर टाकला.

"सौदा झाला. उजवा जरा नाराज हाय, पन झाला."

हरी सरांनी चौथी खुर्ची आणून मांडली. ओवी जाऊन समोर बसली. अण्णा खुर्चीत बसले, सदरा सारखा केला, आणि खडे घेऊन म्हणाले, "तर बाळ, येक शंभरात म्हयनं किती?" आणि तिने कपाळावर हात मारला. शिकवणी सुरू झाली होती.

मी बॅग उचलली ती रिकामी असल्यासारखी हलकी लागली. वाटेत गाडेवाल्याकडून ओवीला उसाचा रस घेऊन दिला, अनीशला चमच्याने दोन थेंब चाखवले. ओवी उड्या मारत चालत होती, मधेच अण्णांच्या नव्या चुका सांगत होती. सोमवारसाठी तिने कायकाय ठरवलंय ते ऐकताना मला वाटत होतं की घर अजून लांब असावं. ऊन उतरत होतं. माझ्या एका हातात तिचा हात, दुसऱ्या काखेत तिचा भाऊ, खांद्याला तिचेच फ्रॉक.

फाटकापाशी आल्यावर ती थांबली. बॅगेकडे बघत राहिली.

"आई, परवा तू म्हणालीस ना, मी वाईला राहिले तरी तुला काही वाटणार नाही... तेव्हा तू मुद्दाम चुकलीस, की खरंच चुकली होतीस?"